विंडोज १० संपलं, लिनक्स टाकलं आणि वायफायच गायब! दोष नक्की कुणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. लॅपटॉप बंद पडला नाही, पण सुरक्षा अपडेट येणं बंद झालं. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर टीपीएम २.० हवं आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी एकतर ३० डॉलर मोजायचे, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग्ज सिंक करायच्या किंवा त्यांचे रिवॉर्ड पॉइंट वापरायचे.

मग सगळीकडून एकच सल्ला मिळायला लागला: जुना लॅपटॉप फेकू नका, लिनक्स टाका. सल्ला बरोबरच आहे, मीही तोच देतो. पण त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

माझी मामेबहीण लातूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप २०१४ चा, घरातल्या मोठ्यांकडून तिच्याकडे आलेला. तिने स्वतः पेनड्राइव्ह बनवून लिनक्स मिंट टाकलं. सगळं झकास, लॅपटॉप आधीपेक्षा पळायला लागला. रात्री अकराला फोन आला, "दादा, वायफायचं चिन्हच नाहीये. कार्ड जळलं का?" दुकानात दाखवलं तर तिथल्या माणसाने सांगितलं की लिनक्सवर हे असंच असतं, परत विंडोज टाकून देतो, नाहीतर कार्ड बदला. दोन दिवसांनी तिला प्रोजेक्टचा रिपोर्ट अपलोड करायचा होता.

कार्ड आदल्या दिवशी विंडोजवर व्यवस्थित चालत होतं. एका रात्रीत, कुणी स्क्रूसुद्धा न उघडता, ते कसं जळेल?

कार्ड म्हणजे एकटी चिप नाही

वायफाय चालायला तीन गोष्टी लागतात. एक, चिप. दोन, ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत बसून चिपशी बोलणारा प्रोग्राम. तीन, फर्मवेअर, म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. आजकालच्या बऱ्याच वायफाय चिपमध्ये हे फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. लॅपटॉप चालू झाला की ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलतो आणि चिपमध्ये भरतो. फाइल नाही सापडली तर चिप शाबूत असूनही मुकी राहते.

आता तुमच्या हातातला फोन बघा. अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. त्यालाही वायफाय चिप आहे, त्या चिपलाही बंद फर्मवेअर लागतं. पण तुम्हाला कधी ड्रायव्हर शोधावा लागला का? नाही, कारण फोन बनवणाऱ्या कंपनीने चिप, ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची सांगड फॅक्टरीतच घातलेली असते. म्हणजे "लिनक्सला वायफाय जमत नाही" हे वाक्य तुम्ही ज्या फोनवर वाचता, तो फोन बहुधा लिनक्सवरच वायफाय पकडून बसलेला असतो. लॅपटॉपवर ही सांगड विंडोजसाठी घातलेली असते. तुम्ही विंडोज काढलंत की ते काम तुमच्या गळ्यात पडतं.

मग शोधायचं कसं?

खालून वर जायचं, पायरीने. घाईत लोक थेट पासवर्ड पुन्हा टाकत बसतात किंवा सगळी सिस्टीम नव्याने टाकतात. दोन्हीत रात्र जाते. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

पहिली कमांड आरएफकिल लिस्ट. वायफाय "ब्लॉक्ड" आहे का ते ती सांगते. सॉफ्ट ब्लॉक असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय, आरएफकिल अनब्लॉक ऑल म्हटलं की सुटतं. हार्ड ब्लॉक म्हणजे लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा फंक्शन की. हसू नका, जुन्या लॅपटॉपवर त्या इवल्याशा स्लायडरने भल्याभल्यांना रडवलंय.

दुसरी पायरी खरी महत्त्वाची. एलएसपीसीआय, पुढे जागा सोडून वजाचं चिन्ह आणि एन, एन, के ही तीन अक्षरं. मदरबोर्डला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. त्यात "नेटवर्क कंट्रोलर" असलेली ओळ शोधा. ती ओळ दिसली तर कार्ड जिवंत आहे आणि सिस्टीमला ते दिसतंय. "कार्ड जळलं" ही शंका बहुतेक वेळा इथेच मिटते. ओळच नसेल तर मात्र कार्ड सैल झालंय, बायोसमध्ये बंद आहे किंवा खरंच गेलंय. कार्ड यूएसबीवालं असेल तर एलएसयूएसबी वापरा.

बहिणीच्या लॅपटॉपवर ओळ आली: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२. शेवटी चौकटी कंसात १४ई४:४३६५. हा कंसातला आकडा जपून ठेवा. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. सर्च करताना "अमुक कंपनीचा लॅपटॉप वायफाय चालत नाही" असं लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहिला की थेट मुद्द्यावर पोचता येतं, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या चिप बसवलेल्या असतात.

त्या ओळीखालीच "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं लिहिलेलं असतं. तिच्याकडे तिथे बीसीएमए असं नाव होतं. बघणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हर तर आहे! पण हा नुसता पूल आहे, चिपच्या दारापर्यंत नेणारा. आत जाऊन वायफाय चालवणारा ड्रायव्हर वेगळा लागतो आणि तोच नव्हता.

ड्रायव्हर बरोबर असूनही वायफाय नसेल तर तिसरी पायरी, डीमेसेज. आधी सुडो लावा. कर्नलची ही रोजनिशी लांबलचक असते, म्हणून त्यात "फर्मवेअर" शब्द शोधा. "डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर वजा २" असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. वजा २ चा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. कुठली फाइल हवी होती, तिचं नावही तिथेच छापलेलं असतं. इंटेलच्या कार्डांवर हा प्रकार बहुतेकदा फर्मवेअरचं पॅकेज जुनं आणि कार्ड नवं असताना होतो. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट केलं की काम होतं.

एक विचित्र केस सांगून ठेवतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील आणि विंडोजचं "फास्ट स्टार्टअप" चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी काही वायफाय कार्ड लिनक्सच्या हाती नीट येत नाहीत. तुम्ही लिनक्सला शिव्या घालता आणि चूक विंडोजच्या एका टिकमार्कची असते.

हे घोंगडं भिजत का पडलं?

बीसीएम४३१४२ चा मूळ ड्रायव्हर ब्रॉडकॉम कंपनीचाच आहे, नाव डब्ल्यूएल. त्याचा मोठा भाग बंद आहे, आत काय लिहिलंय ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही. कंपनीने काढलेली त्याची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, साल २०१५. त्यानंतर लिनक्स कर्नल कित्येकदा बदललं, त्याची आतली रचना बदलली. प्रत्येक वेळी उबंटू, डेबियन वगैरेंचे लोक त्या जुन्या ड्रायव्हरच्या उघड्या भागाला ठिगळं लावतात, तेव्हा तो चालतो. कंपनी विसरून गेलेली चिप जगभरातले अनोळखी लोक ठिगळं लावून चालवतायत, आणि दुकानदार म्हणतो लिनक्स खराब आहे.

ब्रॉडकॉमची बाजूही सरळ काळी नाही. २०१० मध्ये त्यांनीच काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. पण सगळ्या चिप त्यात आल्या नाहीत. त्याआधीच्या जुन्या चिपसाठी लोकांनी उलट अभ्यास करून बी४३ नावाचा ड्रायव्हर लिहिला, तर फर्मवेअर वाटायची परवानगीच नव्हती. मग काय, पॅकेज असं बनवलं की ते इंटरनेटवरून कंपनीचा ड्रायव्हर उतरवतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट हवं! आधी कोंबडी की आधी अंडं, तशातला प्रकार.

डेबियनमध्ये तर हा तत्त्वाचा प्रश्न होता. खुलं नसलेलं काहीही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नको, म्हणून फर्मवेअर बाहेर. इन्स्टॉल करताना स्क्रीनवर विचारणा यायची की अमुक फाइल नाही, दुसऱ्या पेनड्राइव्हमधून द्या. नवखा माणूस तिथेच लॅपटॉप मिटायचा. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरलं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळतं. काही जुन्या लोकांना ही तडजोड आजही खटकते. मला पटते. ज्याच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाही, त्याला तत्त्व पाळायला सांगून आपण फक्त परत विंडोजकडे ढकलतो.

युनिक्सच्या इतर भावंडांकडे परिस्थिती याहून बिकट आहे. फ्रीबीएसडीवर अनेक वायफाय कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सकडून आणून बसवावे लागतात. तिथे वायफायबॉक्स नावाचा एक जुगाड आहे: फ्रीबीएसडीच्या आत एक छोटं आभासी मशीन चालवायचं, त्यात लिनक्स, आणि त्या लिनक्सने कार्ड चालवायचं. भाड्याच्या घरात पोटभाडेकरू ठेवावा तसं. हसू येतं, पण लोक ते वापरतात आणि ते चालतं.

काखेत कळसा

आता बहिणीचा मूळ पेच. डब्ल्यूएल ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट नाही. हॉस्टेलला लॅनची वायर नाही.

फोन आहे ना! चार्जिंगची केबल लावा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर "यूएसबी टेथरिंग" चालू करा. लिनक्सला फोन हे वायर्ड नेटवर्क कार्ड वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असतो. अर्ध्या मिनिटात जोडणी येते. केबल मात्र डेटावाली हवी, फक्त चार्जिंगची नको. आणखी एक, जे कित्येकांना माहीत नसतं: फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जळत नाही. म्हणजे तुमचा फोन चक्क वायफाय कार्ड बनतो. आयफोनवरही यूएसबी टेथरिंग होतं, फक्त लॅपटॉपला आधी "ट्रस्ट" करावं लागतं.

गंमत अशी की हा पूलही वादात सापडला होता. बरेच फोन टेथरिंगसाठी आरएनडीआयएस नावाचा मायक्रोसॉफ्टचा जुना प्रोटोकॉल वापरतात. तो सुरक्षित नाही म्हणून लिनक्स कर्नलचे ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २०२२ मध्ये त्याचे ड्रायव्हर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. लगेच आक्षेप आले की असंख्य फोन यावरच चालतात. काही नवे फोन एनसीएम नावाच्या नव्या पद्धतीकडे वळलेत. प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता, पण लातूरच्या हॉस्टेलमध्ये त्या रात्री तोच एक दोर होता.

टेथरिंग लागलं. मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर" उघडलं, ब्रॉडकॉमचं नाव दिसलं, टिक केलं. मध्येच त्याने पासवर्ड ठेवायला सांगितला. इथे नीट लक्ष द्या. लॅपटॉपवर सेक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून आलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही, त्यावर सही लागते. रीस्टार्ट केल्यावर एक निळा स्क्रीन येतो. लोक घाबरून "कंटिन्यू" दाबतात आणि ड्रायव्हर दाराबाहेरच राहतो. तिथे "एनरोल एमओके" निवडून मघाचा पासवर्ड द्यायचा. तो स्क्रीन थोडाच वेळ थांबतो, त्यामुळे चहा आणायला जाऊ नका.

"दादा, आलं चिन्ह!" पण लगेच पुढचा मेसेज, "माझा हॉटस्पॉट सोडून बाकीच्यांचे दिसतायत." तिचा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देत होता आणि बीसीएम४३१४२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलला, विषय संपला. यात लिनक्सचा काही संबंध नव्हता, विंडोजवरही हेच झालं असतं.

जोडलंय, पण नेट नाही

ही दुसरी जात. चिन्ह आहे, नेटवर्क जोडलंय, पण पान उघडत नाही. इथे ड्रायव्हरला हात लावू नका, तो त्याचं काम करतोय.

आयपी ए ही कमांड द्या. डब्ल्यूएलपी२एस० असलं काहीतरी नाव दिसेल. त्यात डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पुढचे आकडे कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्याचे. त्याखाली १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरने तुम्हाला घर नंबर दिलाय. १६९.२५४ असेल किंवा काहीच नसेल, तर नंबर मिळालेला नाही. मग राउटर रीस्टार्ट करा, जोडणी विसरून पुन्हा जोडा.

पत्ता असेल तर पिंग ८.८.८.८. उत्तरं आली तर नेट चालू आहे. मग एखाद्या वेबसाइटच्या नावाने पिंग करा. नंबरला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये, म्हणजे नावाचा नंबर करून देणाऱ्या टेलिफोन डिरेक्टरीत. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ टाकून बघा. हॉस्टेल-कॉलेजच्या वायफायवर मात्र आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतंय का ते पाहा, काही ठिकाणी पिंग मुद्दामच अडवलेलं असतं.

आणि दहा वर्षांच्या लॅपटॉपचा खास आजार: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडायला ब्राउझर नकार देतो. तारीख बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

विकत घेताना चिपचं नाव विचारा

अंगचं कार्ड ऐकतच नसेल तर यूएसबी डोंगल घ्यायचा सल्ला मिळतो. इथेही सापळा आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा लिनक्सवाल्यांचा एकेकाळचा लाडका डोंगल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, तिचा ड्रायव्हर खुला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची वेगळी चिप आली. डोंगलचं नाव तेच, आवृत्ती बारीक अक्षरांत. जुने रिव्ह्यू वाचून घेणारे फसले. काही स्वस्त डोंगल तर लावल्यावर आधी विंडोज ड्रायव्हरची सीडी असल्याचं सोंग करतात आणि कार्ड म्हणून उभेच राहत नाहीत. यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम त्यांचं ते सोंग उतरवतो.

आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सवरचा अहवाल दिला. सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून, आणि निकषांमध्ये सुटे भाग, दुरुस्तीची माहिती यांच्यासोबत सॉफ्टवेअर अपडेटही आहेत. चांगली सुरुवात आहे. पण बहिणीच्या लॅपटॉपचा एकही सुटा भाग मोडलेला नव्हता. मोडलं होतं ते चिप कंपनीचं लक्ष, २०१५ मध्ये. लॅपटॉपच्या खोक्यावर "वायफाय" एवढाच शब्द छापतात. चिपचं नाव आणि तिच्या ड्रायव्हरला किती वर्षं अपडेट मिळणार, हे छापायला कुणी भाग पाडत नाही. प्रोसेसर आणि रॅमचा आकडा मात्र ठळक असतो.

म्हणून जुना लॅपटॉप विकत घेत असाल तर लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लिनक्स सुरू होतं. वायफाय जोडून एखादा व्हिडिओ चालवा, मगच पैसे द्या. विकणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

बहिणीचा रिपोर्ट वेळेत गेला. महिनाभराने कर्नल अपडेट झालं आणि वायफाय परत गायब. नव्या कर्नलसाठी तो २०१५ चा ड्रायव्हर जुळवता आला नव्हता. या वेळी तिने फोन केला नाही. लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या मेनूत "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडलं, काम भागवलं आणि मला नुसता स्क्रीनशॉट पाठवला. दिवाळीत घरी आली की कार्डच बदलून इंटेलचं जुनं कार्ड बसवायचा बेत आहे. फक्त आधी तिच्या लॅपटॉपचं बायोस दुसऱ्या कार्डाला आत घेतं का ते बघायचंय, काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीने ठरवलेल्या यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही.